खात्यात पैसे कमी असणं हा गुन्हा नाही

ऑगस्ट २०२५ मध्ये आयसीआयसीआय बँकेनं महानगरं आणि शहरांतल्या नव्या बचत खात्यांसाठी किमान सरासरी शिल्लक १० हजारांवरून ५० हजारांवर नेली. चार दिवस गदारोळ झाला आणि बँकेनं तो आकडा १५ हजारांवर आणला. त्याच आठवड्यात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी सांगून टाकलं की किमान शिल्लक किती असावी हे ज्या त्या बँकेनं ठरवायचं, ते आमच्या नियमनाच्या कक्षेत येत नाही. झालं, वाद मिटला. पन्नासऐवजी पंधरा हा ग्राहकांचा विजय मानला गेला आणि सगळे पुढच्या विषयाकडे वळले. मला तो विजय वाटत नाही. सगळं भांडण आकडा किती असावा यावर झालं. आकडा गाठता आला नाही तर ग्राहकाच्या खात्यातून परस्पर पैसे कापून घेण्याचा अधिकार बँकेला मुळात असावा का, हा प्रश्न कुणी धसाला लावला नाही.

वाद घालणाऱ्या दोन्ही बाजू तेव्हा आपापल्या ठरलेल्या जागी उभ्या होत्या. एका बाजूचं म्हणणं, बँका लुटतात, बँकिंग सगळं फुकटच हवं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, जगात फुकट काही नसतं, परवडत नसेल त्यानं जनधन खातं उघडावं. पहिल्या बाजूला खर्चाचा हिशेब नको असतो. दुसऱ्या बाजूला हा खर्च नेमका कोणाच्या खिशातून जातो, ते बघायचं नसतं. माझं म्हणणं या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. बँकेनं सेवेचे पैसे जरूर घ्यावेत, उघडपणे आणि सगळ्यांकडून घ्यावेत. पण शिल्लक कमी पडली म्हणून दंड मात्र घेऊ नये. शिल्लक कमी असेल तर खात्यावरच्या सोयी तेवढ्यापुरत्या कमी कराव्यात. ही कल्पना माझ्या पदरची नाही. खुद्द रिझर्व्ह बँकेनं ती एकदा मांडली होती आणि काही महिन्यांतच गुंडाळली. त्याबद्दल पुढे लिहितोच.

आधी हा दंड लागतो कसा, ते बघू. बहुतेकांना वाटतं की खात्यात महिन्यातून एकदा दहा हजार दिसले की झालं. तसं नसतं. रोज दिवसअखेरची शिल्लक घेऊन महिन्याची सरासरी काढतात. समजा, एखाद्याचा पगार १८ हजार आहे आणि तो सात तारखेला जमा होतो. महिन्याच्या पहिल्या सहा दिवसांत खात्यात ४०० रुपये होते. पगारानंतर तीन दिवस १८,४०० राहिले. दहा तारखेला घरभाड्याचे ७,००० आणि मोटारसायकलच्या हप्त्याचे ४,४०० गेले. पंधरा तारखेपर्यंत ७,००० राहिले, मग किराणा, शाळेची फी आणि गावी पाठवलेले पैसे जाऊन उरलेले पंधरा दिवस १,५००. या महिन्याची सरासरी येते ४,०७०. अट १० हजारांची असेल तर तफावत ५,९३० रुपयांची. मोठ्या खासगी बँकांचा सर्वसाधारण दर म्हणजे तफावतीच्या सहा टक्के किंवा पाचशे-सहाशे रुपये, यांतलं जे कमी असेल ते. म्हणजे ३५६ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ४२० रुपये. हा माणूस कुठेही चुकला नाही. भाडं वेळेवर दिलं, हप्ता बुडवला नाही, उसनवारी केली नाही. तरीही तो वर्षाला पाच हजार रुपये दंड भरतो, म्हणजे आठ-नऊ दिवसांचा पगार.

सहा टक्के ऐकायला लहान वाटतात. पण हे सहा टक्के महिन्याचे आहेत. वर्षाचे बहात्तर झाले. महाराष्ट्र सावकारी अधिनियम, २०१४ खाली परवानाधारक सावकारानं बिगरशेतकऱ्याला विनातारण कर्ज दिलं तर त्याला वर्षाला जास्तीत जास्त १८ टक्के व्याज लावता येतं. सावकार निदान पैसे हातात देतो तरी. इथे बँकेनं खातेदाराला एक रुपयाही दिलेला नाही. त्यानं बँकेकडे जेवढे ठेवायला हवे होते तेवढे ठेवले नाहीत, एवढ्यावरून हा दर.

यावर बँकेची बाजू घेणारे म्हणतात की तुलनाच चुकीची आहे, दंड म्हणजे व्याज नव्हे. मान्य. मग बँकेचं नुकसान किती झालं, ते मोजू. ते ५,९३० रुपये महिनाभर खात्यात राहिले असते तर बँकेनं त्यावर बचत खात्याचं अडीच टक्के व्याज दिलं असतं आणि ते पैसे नऊ-साडेनऊ टक्क्यांनी कर्जाऊ दिले असते. मधला फरक सात टक्के धरला तरी वर्षाचे ४१५ रुपये होतात, महिन्याचे पस्तीस. पस्तीस रुपयांची कमाई हुकली म्हणून बँक ३५६ रुपये घेते. दहापट. याला भरपाई कशी म्हणायची? आणि ही भरपाई नसेल, तर शिक्षा कशाची?

विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा खर्चाचा आहे आणि तो मी हलका करू इच्छित नाही. खातं चालवायला पैसे लागतात. शाखेचं भाडं, कर्मचाऱ्यांचे पगार, एटीएम, सर्व्हर, केवायसीची कागदपत्रं, सायबर सुरक्षा. जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरच्या व्यवहारांना व्यापाऱ्याकडून शुल्क घेता येत नाही. चहाच्या टपरीवरच्या दहा रुपयांच्या स्कॅनमागे बँकांची यंत्रणा राबते आणि त्यातून त्यांना फारसं काही मिळत नाही. सरकारनं सोय जाहीर करायची आणि बिल बँकांनी भरायचं, ही बँकांची तक्रार खोटी नाही. टपाल खात्याच्या बचत बँकेतसुद्धा ५०० रुपये किमान शिल्लक लागते आणि वर्षअखेरीस ती नसेल तर ५० रुपये कापले जातात.

पण हाच मुद्दा शेवटपर्यंत नेऊन बघा. खातं चालवण्याचा खर्च त्यात चार हजार असले काय, चाळीस हजार असले काय, साधारण तेवढाच येतो. उलट ज्याच्या खात्यात जास्त पैसे असतात तोच चेकबुकं जास्त वापरतो, शाखेत जास्त जातो, त्याला रिलेशनशिप मॅनेजर मिळतो, लॉकरसाठी प्राधान्य मिळतं. मग खर्च भागवण्यासाठी वर्गणी काढायची तर ती सगळ्यांवर सारखी बसली पाहिजे, किंवा जो जास्त वापरतो त्याच्यावर जास्त. किमान शिल्लकेच्या दंडात नेमकं उलटं होतं. दहा हजारांच्या वर असलेला शून्य भरतो आणि खाली असलेला ४२०. खर्चाचं कारण सांगायचं आणि वसुली मात्र गरिबीच्या प्रमाणात करायची, हे कसं चालेल? टपाल खात्याचे ५० रुपये वर्षातून एकदा कापले जातात. तेवढी रक्कम मला खर्चाचा वाटा म्हणून समजू शकते. दर महिन्याचे ४२० समजू शकत नाहीत.

शिवाय या दंडावाचून बँका बुडतील ही भीती अनुभवाच्या कसोटीवर टिकलेली नाही. स्टेट बँकेनं २०१२ मध्ये हा दंड बंद केला होता, तो एप्रिल २०१७ मध्ये पुन्हा सुरू केला. एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत तिनं त्यातून १,७७१ कोटी रुपये गोळा केले. त्याच वर्षीच्या जुलै-सप्टेंबर तिमाहीत बँकेचा नफा होता १,५८१ कोटी. दंडाची कमाई तिमाहीच्या नफ्याहून मोठी, हा आकडा बाहेर आला तेव्हा देशभर चीड उमटली. बँकेला आधी रक्कम कमी करावी लागली आणि मार्च २०२० मध्ये तिनं हा दंड पूर्ण बंद केला, चव्वेचाळीस कोटींहून जास्त खात्यांसाठी. पुढे काय झालं? २०२३-२४ मध्ये स्टेट बँकेचा नफा ६१ हजार कोटींवर गेला आणि २०२४-२५ मध्ये ७० हजार कोटींच्या पुढे. नफा दंड सोडल्यामुळे वाढला असं मी म्हणत नाही, त्याची कारणं वेगळी आहेत. पण देशातल्या सगळ्यात मोठ्या बँकेला हे उत्पन्न सोडून देता आलं, एवढं तर यातून सिद्ध होतं. २०२५ च्या उन्हाळ्यात कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा आणि इंडियन बँक यांनीही तेच केलं. त्या अजून उभ्याच आहेत.

एकूण रक्कम किती मोठी आहे, तेही लक्षात घेतलं पाहिजे. ऑगस्ट २०२३ मध्ये तेव्हाचे अर्थ राज्यमंत्री भागवत कराड यांनी राज्यसभेत दिलेल्या उत्तरानुसार, २०१८ पासून सार्वजनिक क्षेत्रातल्या बँका आणि पाच मोठ्या खासगी बँकांनी मिळून किमान शिल्लक नसल्याबद्दल २१ हजार कोटींहून अधिक रुपये वसूल केले. एटीएमच्या जादा व्यवहारांबद्दलचे आठ हजार कोटी आणि एसएमएसचे सहा हजार कोटी वेगळे. एकूण साडेपस्तीस हजार कोटी. या २१ हजार कोटींत सुस्थितीतल्या माणसांचा काही वाटा असणार, हे मी नाकारत नाही. दुसरीकडे लाखो रुपये ठेवून इथलं खातं विसरून गेलेले लोक असतातच. पण विसरभोळेपणाचे पैसे करणं हे तरी बँकेला शोभतं का?

आता दुसरा मोठा मुद्दा, पर्यायांचा. किमान शिल्लक परवडत नाही त्याच्यासाठी मूलभूत बचत खातं आहे. ऑगस्ट २०१२ पासून प्रत्येक बँकेला ते देणं बंधनकारक आहे. ऑगस्ट २०१४ पासून जनधन योजना आहे, आणि पन्नास कोटींहून अधिक खाती त्यात उघडली गेली. ही मोठी गोष्ट आहे आणि तिचं श्रेय ज्याचं त्याला दिलं पाहिजे. पण या पर्यायाकडे बोट दाखवणाऱ्यांनी एकदा आपल्या बँकेत जाऊन ‘मला माझं साधं बचत खातं मूलभूत खात्यात बदलून द्या’ असं सांगून बघावं. काउंटरवरच्या माणसाला त्यासाठी कोणता फॉर्म लागतो हे माहीत असेल तर नशीब. शाखेची टार्गेटं खाती वरच्या दर्जात नेण्याची असतात. खालच्या दर्जात आणून देण्यासाठी कुणाची पाठ थोपटली जात नाही.

आणि मूलभूत खातं मिळालं म्हणजे सुटका झाली असंही नाही. त्यात महिन्याला चारच वेळा पैसे काढण्याची हमी होती. पवईच्या आयआयटीतले संख्याशास्त्राचे प्राध्यापक आशिष दास यांनी हा विषय चिकाटीनं लावून धरला. त्यांच्या अभ्यासातून पुढे आलं की चारपेक्षा जास्त व्यवहार झाले की स्टेट बँक अशा खात्यांवर प्रत्येक व्यवहारामागे १७ रुपये ७० पैसे लावत होती. यूपीआयचे व्यवहारही त्यात मोजले जात. २०१५ ते २०२० या काळात यातून तीनशे कोटींहून अधिक वसुली झाल्याचा त्यांचा हिशेब आहे. वीस रुपयांची भाजी फोनवरून घ्यायची आणि सतरा रुपये सत्तर पैसे बँकेला द्यायचे! डिजिटल व्यवहारांवर घेतलेले पैसे परत करा, असं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाला ऑगस्ट २०२० मध्ये बँकांना सांगावं लागलं. गरिबांसाठी राखलेल्या खात्यात ही तऱ्हा होती. तिथेही संख्याशास्त्राचा एक प्राध्यापक हात धुऊन मागे लागला म्हणून ती उजेडात आली.

‘पटत नसेल तर बँक बदला’ हे वाक्य बाजाराच्या पुस्तकात शोभतं. प्रत्यक्षात खालच्या थरातला माणूस बँक निवडतो कुठे? चाकण, रांजणगाव, वाळूजच्या कारखान्यांत कंत्राटी काम करणाऱ्या कुणालाही विचारा. ठेकेदार सांगेल त्या बँकेत पगाराचं खातं उघडावं लागतं. ते झीरो बॅलन्स असतं. सात-आठ महिन्यांनी काम सुटतं, नवा ठेकेदार, नवी बँक. जुन्या खात्यात दोन-तीन महिने पगार जमा झाला नाही की ते आपोआप साध्या बचत खात्यात बदलतं आणि किमान शिल्लकेची अट लागू होते. दरम्यान त्याचा मोबाइल नंबर बदललेला असतो, इशाऱ्याचा एसएमएस जुन्या नंबरावर जातो. माझ्या ओळखीतल्या अशा एका तरुणाचं पासबुक मी पाहिलं आहे. त्यात उरलेले अकराशे रुपये दर महिन्याला थोडे थोडे करून शून्यावर आले होते. प्रत्येक ओळीत ‘मिन बॅल चार्जेस’ एवढीच त्रोटक नोंद. पीएफची रक्कम याच खात्याला जोडलेली, त्यामुळे ते बंद करायचीही त्याला धास्ती. मोबाइल नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशात २०११ पासून आहे. खाते क्रमांक न बदलता बँक बदलता यावी, असं रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन डेप्युटी गव्हर्नर एस. एस. मुंद्रा यांनी २०१७ मध्ये सुचवलं होतं. ते झालं असतं तर निवडीच्या स्वातंत्र्याबद्दल बोलायला काही अर्थ होता.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये हा प्रश्न महाराष्ट्रात घराघरांत पोचला. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे पहिल्या दोन हप्त्यांचे तीन हजार रुपये महिलांच्या खात्यात जमा झाले आणि कित्येकींना तेवढे मिळालेच नाहीत. खातं वर्षानुवर्षं रिकामं होतं, जुना दंड थकलेला होता, पैसे आले तसे वळते झाले. अखेर महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांना, योजनेच्या पैशांतून कपात करू नका, असं बँकांना सांगावं लागलं. ही योजना बरी की वाईट हा वाद वेगळा, मी त्यात शिरत नाही. पण राज्याच्या तिजोरीतून एका बाईच्या हाती म्हणून निघालेले पैसे मधल्या मध्ये बँकेच्या उत्पन्नात जमा होतात, हे करदात्याला तरी चालावं का? आणि मंत्र्यांनी सांगितल्यावर थांबवता येणारी कपात आधीच का थांबवता येत नव्हती?

हप्ता बाउन्स होण्याचा प्रकार याचाच सख्खा भाऊ. खात्यात दीडशे रुपये कमी पडले, हप्ता परत गेला. आपली बँक बाउन्सचे चार-पाचशे रुपये लावते, कर्ज देणारी कंपनी आपले वेगळे लावते, दोन्हींवर जीएसटी. कंपनीनं दोन दिवसांनी पुन्हा प्रयत्न केला तर पुन्हा तेच. एटीएममध्ये शिल्लक अपुरी म्हणून व्यवहार नाकारला तरी वीस-पंचवीस रुपये जातात. यंत्रानं ‘पैसे नाहीत’ एवढं सांगितलं, त्याची ही फी.

आपल्या इतिहासात याचं एक जुनं रूप आहे. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि पुणे-नगर जिल्ह्यांत उठाव पसरला. तो दख्खनचे दंगे म्हणून ओळखला जातो. शेतकऱ्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. रोखे, हुकूमनामे, चोपड्या बाहेर काढून जाळल्या गेल्या. शेतकऱ्याची मुख्य तक्रार व्याजाच्या दराइतकीच दुसऱ्या एका गोष्टीची होती: हिशेब सावकारच लिहितो, तोच वाचतो, वसुलीही तोच करतो आणि कोर्ट त्या कागदापलीकडे बघत नाही. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यानं सावकारी बंद केली नाही. कोर्टानं रोख्याच्या मागे जाऊन पहिल्यापासूनचा व्यवहार तपासावा, शेतकऱ्याला हिशेब आणि पावती मिळावी, कर्जापायी त्याला तुरुंगात टाकू नये, हे त्यानं केलं. त्याआधीपासून आपल्याकडे दामदुपटीचा दंडक होताच, की एका वेळी मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करता येणार नाही. घेणेकऱ्याच्या हातालाही मर्यादा असते, ही समज या भूमीत जुनी आहे.

बचत खात्यात तर स्थिती याहून विचित्र आहे. कायद्याच्या नजरेनं ठेवीदार हा धनको आणि बँक ही ऋणको. आपण बँकेला पैसे उसने दिलेले असतात. म्हणजे पुरेसे उसने दिले नाहीत म्हणून देणेकरी धनकोला दंड करतो, दंडाची रक्कम स्वतः ठरवतो आणि आपल्याच ताब्यातल्या त्याच्या पैशांतून ती काढून घेतो. वीज कंपनीला थकबाकी वसूल करायची तर आधी बिल पाठवावं लागतं, मुदत द्यावी लागते, ग्राहक वाद घालू शकतो. बँकेला यातलं काही करावं लागत नाही, कारण गल्ला तिच्याच हातात आहे. तक्रार करण्याची पाळी येते तोवर पैसे गेलेले असतात. ज्याच्या हातात वसुली इतकी सोपी आहे, त्याच्यावर बंधनं इतरांहून कडक हवीत. आज ती सैल आहेत.

‘अमेरिकेतही असंच असतं’ हे उत्तर हमखास ऐकू येतं. असतं खरं, आणि तिकडे राहणाऱ्या मराठी मुलांनी विद्यार्थिदशेत त्याचा चटका घेतलेला असतो. तिथे खात्यात पैसे नसतानाही बँक कार्डाचा व्यवहार होऊ देते आणि त्याबद्दल ३५ डॉलरपर्यंत ओव्हरड्राफ्ट फी लावत आली आहे, मग खरेदी पाच डॉलरच्या कॉफीची का असेना. तिथल्या ग्राहक वित्तीय संरक्षण विभागाच्या २०१७ च्या अभ्यासात दिसलं की वारंवार ओव्हरड्राफ्टमध्ये जाणारी सुमारे नऊ टक्के खाती अशा शुल्कांपैकी ७९ टक्के रक्कम भरतात. वेल्स फार्गो बँक दिवसभराचे व्यवहार मोठ्या रकमेपासून लहान रकमेकडे लावून घेत असे, म्हणजे शिल्लक लवकर संपावी आणि फीची संख्या वाढावी. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयानं तिला ग्राहकांचे २०.३ कोटी डॉलर परत करायला सांगितलं. डिसेंबर २०२४ मध्ये मोठ्या बँकांसाठी ही फी पाच डॉलरवर आणणारा नियम झाला. तो अमलात येण्याआधीच अमेरिकी संसदेनं रद्द केला आणि मे २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी त्यावर सही केली. याउलट कॅपिटल वन या बड्या बँकेनं कुणी भाग न पाडता ही फी शून्य केली. अमेरिकेकडून शिकायचंच असेल तर यातलं काय शिकायचं, ते आधी ठरवू या.

ब्रिटनचा अनुभव माझ्या बाजूला थोडा अडचणीचा आहे, म्हणून तो सांगितला पाहिजे. तिथल्या नियामकानं एप्रिल २०२० पासून ओव्हरड्राफ्टवरची ठोक शुल्कं बंद केली आणि एकच वार्षिक व्याजदर लावायला सांगितलं. बहुतेक मोठ्या बँकांनी तो दर चाळीस टक्क्यांच्या आसपास नेऊन ठेवला. एका खिशातून काढलेलं दुसऱ्या खिशातून घेतलं, असं टीकाकार म्हणाले, आणि ज्यांचा ओव्हरड्राफ्ट आधी स्वस्त होता त्यांना तो महाग पडला. खरं आहे. पण त्यातून दर तरी सगळ्यांना दिसला आणि त्यावर उघड चर्चा झाली. आपल्याकडे किमान शिल्लकेच्या दंडाला ‘वार्षिक ७२ टक्के’ असं लेबल लावून दरपत्रकात छापायला लावलं, तर किती बँका ते छापायला धजावतील?

शिस्तीचा मुद्दा राहिला. दंड नसेल तर लोक खाती उघडून टाकून देतील, बचतीची सवय लागणार नाही, असं म्हणतात. बचतीची सवय व्याजानं लागते, विश्वासानं लागते. आयुष्यात पहिल्यांदा बँकेत पैसे ठेवणाऱ्याचे पैसे वर्षाअखेरीस कमी झालेले दिसले, तर तो ते पुन्हा डब्यात ठेवतो नाहीतर भिशीत घालतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा सामान्य माणूस बँकेत यावा, हाच हेतू सांगितला होता. त्याला आत आणायला या देशानं पन्नास वर्षं खपवली. आत आल्यावर त्याच्याकडे पैसे कमी आहेत म्हणून त्याला दंड करायचा, हे त्या साऱ्या खटाटोपावर पाणी ओतणं आहे.

आता रिझर्व्ह बँकेबद्दल. किमान शिल्लक आपल्या कक्षेत येत नाही, हे गव्हर्नरांचं विधान किमान रकमेपुरतं ठीक असेल. पण दंड रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येतो आणि तिनं त्यावर नियम केलेले आहेत. १ एप्रिल २०१४ च्या पतधोरणात, रघुराम राजन गव्हर्नर असताना, रिझर्व्ह बँकेनं स्पष्ट सांगितलं होतं की ग्राहकाच्या अडचणीचा किंवा अनवधानाचा बँकांनी गैरफायदा घेऊ नये. शिल्लक कमी झाली तर दंड न लावता त्या खात्यावरच्या सेवा मूलभूत खात्याइतक्या मर्यादित कराव्यात आणि शिल्लक भरली की त्या पुन्हा सुरू कराव्यात. यात बँकेचा खर्च वाचतो आणि ग्राहकाचे पैसे जागच्या जागी राहतात. याहून न्याय्य तोडगा मला सुचत नाही. पण त्याच वर्षी २० नोव्हेंबरला निघालेल्या परिपत्रकानं दंडाला पुन्हा वाट करून दिली. ग्राहकाला कळवा, एक महिना द्या, दंड तफावतीच्या प्रमाणात आणि वाजवी ठेवा, निव्वळ दंडापायी खातं उणे करू नका, एवढ्या अटी घातल्या. वाजवी म्हणजे किती, हे मात्र प्रत्येक बँकेच्या संचालक मंडळावर सोडलं. महिन्याला सहा टक्के त्या मोकळ्या जागेतून आले.

एप्रिल २०१४ ची भूमिका रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक म्हणून जशीच्या तशी काढावी. तोवर पगाराचं खातं साध्या खात्यात बदलताना ते आपोआप मूलभूत खातं व्हावं, म्हणजे चाकणच्या मुलाचे अकराशे रुपये त्याचेच राहतील. सरकारी योजनेचे पैसे ज्या खात्यात येतात, तिथे कोणत्याही थकलेल्या शुल्काची वसुली कायमची बंद व्हावी, आणि राज्य सरकारनं आपल्या ठेवी ठेवताना बँकांशी होणाऱ्या करारातच ही अट घालावी. सरकारची ठेव मिळावी म्हणून बँका मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवतात. ती ताकद अशा कामी वापरायची नाही तर कुठे वापरायची?

ज्यांचे पैसे आज कापले जात आहेत, त्यांनी एवढं तरी करावं. पासबुक भरून घ्या, कपातीच्या तारखा लिहून काढा आणि त्याआधी महिनाभर सूचना आली होती का, ते बँकेला लेखी विचारा. सूचना नसेल तर पैसे परत मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. नोव्हेंबर २०२१ पासून सगळ्या देशासाठी एकच व्यवस्था आहे, तिला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, आणि साध्या पत्रानंही तक्रार करता येते. बँकेला दिलेल्या अर्जासोबतच खातं मूलभूत बचत खात्यात बदलण्याची मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी नकार देणं शाखेला सोपं असतं. शिक्का मारून नकार देताना शाखेला रिझर्व्ह बँकेचा नियम उघडून बघावा लागतो.